अंगणवाडीतील बालनिरीक्षणाची नोंदवही: व्होकेशनलच्या विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

बालसंगोपन व बालविकास हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक वह्या दरवर्षी माझ्यासमोर तपासण्यासाठी येतात आणि दरवर्षी त्यांत एकच चूक निरनिराळ्या अक्षरांत लिहिलेली सापडते. "बालक सर्वांमध्ये मिसळते", "बालक थोडे हट्टी आहे", "बालकाचा भाषिक विकास चांगला आहे" अशी वाक्ये पानोपानी असतात. परंतु ते मूल त्या दिवशी नेमके काय करत होते, हे वही संपेपर्यंत कळत नाही. विद्यार्थी आळशी असतात म्हणून असे होत नाही. ते कामाचा क्रम उलटा धरतात. आधी विकासाच्या टप्प्यांचे कोष्टक उघडतात, त्यातील रकाने भरण्यासाठी मुलाकडे पाहतात आणि उरलेले सादरीकरणाच्या आदल्या रात्री आठवून लिहितात. योग्य क्रम असा आहे: आधी पाहायचे, पाहताना लिहायचे, त्यानंतर अर्थ लावायचा आणि कोष्टक सर्वांत शेवटी उघडायचे.

खालील टप्पे कोल्हापूर शहरातील व करवीर, कागल, हातकणंगले या तालुक्यांतील अंगणवाड्यांत प्रात्यक्षिकासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. खासगी बालवाडीत किंवा पाळणाघरात जाणाऱ्यांनाही तोच क्रम लागू पडतो.

टप्पा १: घराबाहेर पडण्यापूर्वी

कागदपत्रे आधी पूर्ण करावीत. महाविद्यालयाचे पत्र आपल्या भागातील बालविकास प्रकल्प कार्यालयात द्यावे, पर्यवेक्षिकेला त्याची कल्पना द्यावी आणि मगच अंगणवाडी सेविकाताईंना भेटून सोयीचे वार ठरवावेत. सेविकाताईंकडे पूरक आहार, गृहभेटी, नोंदवह्या आणि मोबाइलवरील पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपमध्ये माहिती भरणे अशी कामे असतात, त्यामुळे न सांगता दारात उभे राहिलेले पाच विद्यार्थी हे त्यांच्यासाठी ओझे ठरतात.

पालकांच्या संमतीचा मजकूर सोप्या मराठीत, सात-आठ ओळींचा असावा. आपण काय पाहणार, काय लिहिणार, मुलाचे नाव वहीत येणार नाही आणि पालकांना कधीही नकार देता येईल, एवढे त्यात पुरे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जाणाऱ्या आईवडिलांच्या मुलांना पुष्कळदा आजीच सोडायला येते. अशा वेळी आजींना तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा, त्यांच्या शंका ऐकून घ्याव्यात आणि सही मात्र आईकडून किंवा वडिलांकडून आणायला सांगावे.

बरोबर खिशात मावेल अशी छोटी वही, पेन्सिल आणि काट्यांचे मनगटी घड्याळ असावे. मोठी जाडजूड वही उघडली की मुले भोवती गोळा होतात, आणि वेळ पाहण्यासाठी मोबाइल काढला की निरीक्षण तिथेच संपते.

भेटींचे दिवस आखताना दिनदर्शिका पुढे घ्यावी. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेच्या दिवशी आणि पुढे नवरात्रात मुलांची हजेरी कमी होते. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी वाढले, तर नदीकाठच्या वस्त्यांतील अंगणवाड्या किती दिवस बंद राहतील हे कोणीच सांगू शकत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. म्हणून ठरलेल्या भेटींपेक्षा तीन-चार दिवस जास्तीचे धरून ठेवावेत.

सावधान: सर्दी, ताप, खरूज किंवा डोळे आलेले असतील तर त्या दिवशी जाऊ नये. भेट चुकली तर ती नंतर भरून काढता येते.

टप्पा २: पहिले दोन दिवस काहीही लिहू नये

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. नवे माणूस आले की मुले बदलतात: काही जास्त बोलू लागतात, काही गप्प होतात, काही सारखी जवळ येऊन बसतात. पहिल्या दिवशी दिसलेले वागणे हे निम्मे आपल्यामुळे घडलेले असते. दोन दिवस एकाच कोपऱ्यात जमिनीवर बसावे, मुलांनी विचारले तर थोडक्यात उत्तर द्यावे, स्वतः खेळ सुरू करू नयेत आणि खाऊ तर मुळीच नेऊ नये. खाऊ नेणाऱ्या ताईच्या हातांकडेच मुले रोज पाहत राहतात.

पडताळा: आपण आत आल्यावर मुलांनी एकदा पाहून पुन्हा आपला खेळ सुरू केला, तर लिहायला सुरुवात करता येईल. तसे होत नसेल तर आणखी एक दिवस थांबावे.

टप्पा ३: मुलाची निवड

सर्वांत चुणचुणीत किंवा सर्वांत त्रासदायक वाटणारे मूल निवडण्याचा मोह टाळावा. हजेरीपट पाहून नियमित येणाऱ्या मुलांतून दोघांची निवड करावी, म्हणजे एक गैरहजर राहिले तरी दिवस वाया जात नाही. नात्यातले किंवा शेजारचे मूल घेऊ नये. ऊसतोडणीच्या हंगामात फडाजवळच्या खोप्यांतून येणारी मुले दिवाळीनंतर दाखल होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला निघून जातात. त्यांना पाहणे फार महत्त्वाचे आहे. परंतु वर्षभराच्या अभ्यासासाठी त्यांची निवड केली, तर नोंद अर्धवट राहते.

वहीत नावाऐवजी "क १", "क २" असे संकेत वापरावेत. गल्लीचे नाव, आईच्या कामाचे ठिकाण, आडनाव यांपैकी काहीही लिहू नये, कारण पेठेतल्या एवढ्याशा वस्तीत या तीनपैकी एका खुणेवरूनही मूल ओळखता येते.

टप्पा ४: वय काढणे

चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करून वय लिहिणे ही अतिशय महागात पडणारी चूक आहे. एक उदाहरण पाहू. क १ या मुलीचा जन्म २७ नोव्हेंबर २०२० चा आहे आणि निरीक्षणाची तारीख १२ ऑगस्ट २०२४ आहे. वजाबाकी करून विद्यार्थी "४ वर्षे" लिहितात. प्रत्यक्षात २७ नोव्हेंबर २०२३ ला तिला ३ वर्षे पूर्ण झाली, २७ जुलै २०२४ ला त्यावर ८ महिने झाले आणि पुढे १६ दिवस गेले. म्हणजे वय ३ वर्षे ८ महिने १६ दिवस, अर्थात पूर्ण झालेले महिने ४४.

चार महिन्यांच्या फरकाने काय बिघडते, असे मला नेहमी विचारले जाते. या मुलीचे वजन १२ किलो भरले असे समजा. वयानुसार वजनाच्या तक्त्यावर ४४ महिन्यांच्या रेषेवर हा ठिपका हिरव्या पट्ट्यात, पण अगदी काठावर पडतो. ४८ महिन्यांच्या रेषेवर तोच ठिपका पिवळ्या पट्ट्यात जातो. मुलगी तीच, वजन तेच, आणि केवळ आपल्या वजाबाकीमुळे ती कमी वजनाची ठरते.

जन्मतारीख तोंडी विचारून घेऊ नये. माता व बाल संरक्षण कार्ड किंवा जन्मदाखला पाहूनच ती लिहावी. मूल अपुऱ्या दिवसांचे असेल, तर दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत विकासाची तुलना करताना तेवढे आठवडे वजा करावे लागतात: ३२ आठवड्यांना जन्मलेल्या बाळासाठी ४० मधून ३२ वजा जाऊन ८ आठवडे.

टप्पा ५: वजन, उंची आणि दंडघेर

मोजमापे सेविकाताईंच्या देखरेखीखालीच घ्यावीत. काटा सपाट जागी ठेवून किंवा नीट टांगून आधी शून्यावर आणावा. पावसाळ्यात मुलांच्या अंगावर स्वेटर, टोपी आणि पायांत बूट असतात; ते उतरवल्याशिवाय वजन लिहू नये. काट्याची सुई डोळ्यांच्या रेषेत ठेवून वाचावी.

दोन वर्षांखालील बाळाची लांबी आडवे झोपवून मोजतात आणि दोन वर्षांवरील मुलाची उंची उभे करून मोजतात. उभे असताना टाचा, नितंब, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग पट्टीला टेकलेला, नजर समोर आणि गुडघे सरळ असावेत. मुलीच्या डोक्यावर उंच बांधलेली शेंडी किंवा क्लिप असेल तर ती सोडवून घ्यावी. दंडघेर सहा महिने ते पाच वर्षे या वयात, डाव्या दंडावर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला असताना मोजावा. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी दंडघेर हे तीव्र कुपोषणाचे लक्षण मानले जाते आणि ही गोष्ट त्याच क्षणी सेविकाताईंच्या नजरेस आणून द्यावी लागते.

पडताळा: प्रत्येक मोजमाप दोनदा घ्यावे. उंचीच्या दोन आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर तिसऱ्यांदा मोजावे. मुलगा व मुलगी यांचे तक्ते वेगळे असतात, म्हणून ठिपका टाकण्यापूर्वी तक्त्याचे शीर्षक वाचावे.

टप्पा ६: प्रत्यक्ष पाहणे आणि लिहिणे

एका वेळी दहा ते पंधरा मिनिटे, एकच मूल. त्यापेक्षा जास्त वेळ हात आणि नजर एकत्र चालत नाहीत. निरनिराळ्या दिवशी निरनिराळ्या वेळा निवडाव्यात: येताना आजीचा हात सोडण्याची वेळ, मुक्त खेळ, गोष्ट किंवा बडबडगीते, हात धुणे आणि आहार, घरी जाण्याची वेळ. केवळ गाण्याच्या वेळेची पाच निरीक्षणे असलेली वही मुलाबद्दल फारच थोडे सांगते.

पानाच्या डाव्या दोन-तृतीयांश भागात फक्त दिसलेले आणि ऐकलेले लिहावे. उजवा भाग त्या दिवशी कोरा ठेवावा. हा कोरा भाग पुढे टप्पा ८ मध्ये लागणार आहे.

नोंद कशी असू नये, हे आधी पाहू:

"क १ ही हट्टी मुलगी असून इतरांना खेळणी देत नाही. तिची एकाग्रता कमी आहे. भाषा अशुद्ध आहे."

आता त्याच सहा मिनिटांची दुसरी नोंद पाहू:

"१०.२० — क १ ने लाल ठोकळे दोन्ही हातांनी पोटाशी धरले. शेजारच्या मुलाने हात पुढे केला. 'न्हाई, मी रचतो' असे म्हणून ती पाठमोरी वळली. सतरंजीवर एकावर एक ठोकळे ठेवले. सहावा ठेवताना मनोरा पडला. तिने सेविकाताईंकडे पाहिले. त्या दुसरीकडे पाहत होत्या. तिने पुन्हा खालचे दोन ठोकळे ठेवले. १०.२६ — त्याच मुलाला एक ठोकळा दिला. 'ह्यो वर ठेव' म्हणाली."

पहिल्या नोंदीत तीन निकाल आहेत आणि पुरावा एकही नाही. दुसऱ्या नोंदीत एकही निकाल नाही, तरीही ती वाचणाऱ्याला मनोरा पडल्यावर पुन्हा बसून रचणारी मुलगी दिसते, आणि सहाव्या मिनिटाला तिने आपणहून ठोकळा दिला हेही दिसते. पहिली नोंद लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने बहुधा "न्हाई" ऐकताच वही मिटली असावी.

लिहिताना क्रियापदावर लक्ष ठेवावे. धरले, ढकलले, पाहिले, म्हणाली, उठली ही क्रियापदे चालतात. रागावली, कंटाळली, लाजली, मुद्दाम केले ही आपली अनुमाने आहेत. रागावली असे वाटले तर काय दिसले ते लिहावे: ओठ आवळले, ठोकळा जमिनीवर आपटला, मान खाली घातली. नेहमी, कधीच, सारखे हे शब्द पंधरा मिनिटांच्या नोंदीत येऊच शकत नाहीत.

सावधान: निरीक्षण चालू असताना मुलाला मदत करू नये, दुरुस्त करू नये, "हा कोणता रंग?" असे विचारू नये. याला अपवाद एकच. मुलाला इजा होण्याची शक्यता दिसली तर पेन्सिल ठेवून आधी उठावे. नोंद नंतर अपुरी म्हणून लिहिता येते.

घाईत लिहिलेली कच्ची नोंद त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पक्की करावी. दुसऱ्या दिवशी लिहायला बसले की मुलाचे शब्द आपल्या शब्दांत बदललेले असतात. कच्ची वही फेकू नये. मी तपासताना ती मागते, आणि पेन्सिलीने खरडलेली ती पाने पाहिली की काम खरोखर झाले आहे याची खात्री पटते.

टप्पा ७: मुलाची बोली जशीच्या तशी लिहिणे

आपल्या भागात या टप्प्याला स्वतंत्र जागा द्यावी लागते, कारण इथे मुलांवर सर्वांत जास्त अन्याय होतो. वरच्या नोंदीतील मुलगी "मी रचतो" म्हणाली. कोल्हापूरच्या घरांत मुली आणि बायका "मी जातो", "मी आलो" असे सहज बोलतात. तिची आई, आजी आणि मावशी तसेच बोलतात. तिने घरची भाषा अचूक उचलली आहे. तरीही "लिंगाचा गोंधळ" किंवा "व्याकरण कच्चे" असा शेरा मी दरवर्षी वाचते, आणि गंमत अशी की तो लिहिणारी विद्यार्थिनी वर्गाबाहेर मैत्रिणीला "मी आलोच" असेच सांगत असते. "बाळ रडालंय", "लई", "व्हय", "ह्यो" या रूपांनाही तोच नियम लागू आहे. हुपरी, कागल किंवा गडहिंग्लजच्या बाजूला घरी कन्नड बोलणारी मुलेही असतात. त्यांनी कन्नड शब्द वापरला तर तो ऐकला तसा देवनागरीत लिहावा आणि अर्थ सेविकाताईंना विचारावा.

भाषेचा विकास पाहताना शब्द प्रमाण आहेत का, हे पाहायचे नसते. वाक्यात किती शब्द येतात, मूल प्रश्न विचारते का, घडून गेलेली गोष्ट सांगते का, दोन सूचना एकामागून एक दिल्यास पाळते का आणि अनोळखी माणसाला त्याचे बोलणे समजते का, हे पाहावे.

टप्पा ८: अर्थ लावणे, आणि मग कोष्टक

किमान पाच नोंदी झाल्यावरच उजव्या कोऱ्या भागाकडे वळावे. प्रत्येक अनुमानापुढे ते कोणत्या ओळीवरून काढले, हे लिहावे. "मनोरा पडल्यावर पुन्हा सुरुवात केली (१०.२० ची नोंद), चित्र रंगवताना खडू तुटल्यावर दुसरा घेतला (तिसरी नोंद); यावरून अडथळा आल्यानंतरही काम चालू ठेवते असे दिसते." एकाच प्रसंगावर उभे असलेले अनुमान "पुन्हा पाहावे" अशा खुणेसह ठेवावे.

यानंतर विकासाच्या टप्प्यांचे कोष्टक उघडावे. तीन वर्षांचे मूल साधारणपणे नऊ-दहा ठोकळ्यांचा मनोरा रचते, असे त्यात वाचायला मिळेल, आणि क १ चा मनोरा तर सहाव्या ठोकळ्याला पडला. इथे घाईने "मागे आहे" असे लिहू नये. ठोकळे सतरंजीवर रचले जात होते, एका हाताने बाकीचे ठोकळे सांभाळायचे होते आणि शेजारी मागणारा उभा होता. सपाट पाटावर, शांत वेळी पुन्हा पाहावे. कोष्टकातील वय हा एक पल्ला असतो. आधाराशिवाय चालणेच घेतले, तर निरोगी मुलांत ते नऊ महिन्यांच्या आसपासही सुरू होते आणि सतरा महिन्यांनंतरही.

टप्पा ९: नोंदीवरून कृती आखणे

कृती नोंदीतूनच निघावी. क १ साठी दोघांनी मिळून करायची रचना योग्य ठरेल, कारण "ह्यो वर ठेव" म्हणताना तिने वाटून खेळण्याची सुरुवात स्वतःच केली आहे. साहित्य घरातले असावे: रिकाम्या काड्यापेट्या, नारळाच्या करवंट्या, कापडाचे तुकडे. तीन वर्षांखालील मुले जवळ असतील तर चिंचोके, मणी, शेंगदाणे आणि बटणे बाहेर काढूच नयेत. श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. वर्तमानपत्रांतून किंवा मोबाइलवरून उचललेली, मुलाशी संबंध नसलेली कागदी फुले वहीत चिकटवून गुण मिळत नाहीत.

टप्पा १०: काही खटकले तर

बाळ वर्षाचे होऊनही हाकेला प्रतिसाद देत नाही, दीड वर्षापर्यंत चालत नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा आधी येत असलेली गोष्ट आता करेनासे झाले आहे, असे आढळले तर नोंद तारखेसह आपल्या शिक्षकांना व सेविकाताईंना दाखवावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीसाठी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, आणि तेवढे थांबणे योग्य नसेल तर पुढे कुठे पाठवायचे हे सेविकाताई ठरवतात. पालकांशी आपण परस्पर बोलू नये आणि कोणत्याही आजाराचे नाव वहीत लिहू नये. एका विद्यार्थिनीने चांगल्या हेतूने एका आईला "तुमचं बाळ स्वमग्न वाटतंय" असे दारातच सांगितले होते. त्या आईने पुढे कितीतरी दिवस मुलाला अंगणवाडीत पाठवलेच नाही, आणि तपासणी होऊन मुलाला कमी ऐकू येते एवढेच कळायला मधला सगळा काळ गेला.

अंगावर संशयास्पद वळ किंवा भाजल्याच्या खुणा दिसल्या, अथवा मुलाने काही सांगितले, तर उलट प्रश्न विचारू नयेत. मुलाचेच शब्द टिपून ठेवावेत आणि त्याच दिवशी शिक्षकांना सांगावे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येकाला पाठ असावा.

सावधान: मुलांचे फोटो काढू नयेत, आणि काढलेले व्हॉट्सअॅप स्टेटसवर तर कधीच ठेवू नयेत. पालकांनी निरीक्षणाला दिलेली संमती फोटोला लागू होत नाही.

टप्पा ११: वही पूर्ण करणे, तोंडी परीक्षा आणि निरोप

वहीचा क्रम असा ठेवावा: संमतीची प्रत (नाव झाकून), वयाची आकडेमोड, मोजमापे व वाढीचा तक्ता, तारखेनुसार नोंदी, अनुमाने, कोष्टकाशी तुलना, आखलेली कृती आणि ती केल्यावर काय घडले. ठरलेली कृती फसली असेल तर तसेच लिहावे. तोंडी परीक्षेत मी बहुतेक वेळा वही मिटून एवढेच विचारते की, हे मूल रडल्यावर काय करते? ज्याने खरोखर पाहिले आहे तो लगेच सांगू लागतो.

शेवटच्या भेटीच्या दोन दिवस आधी मुलांना सांगावे की, परवापासून मी येणार नाही. लहान मुलांना माणूस एकाएकी नाहीसे झालेले कळत नाही; ती चार-चार दिवस दाराकडे पाहत राहतात आणि सेविकाताईंना "ती ताई कुठं गेली?" म्हणून विचारतात. शेवटच्या दिवशी सतरंजीची घडी घालायला मदत करावी, माता व बाल संरक्षण कार्डांच्या प्रती घेतल्या असतील तर त्या सेविकाताईंना परत द्याव्यात आणि क १ ने हात धरलाच, तर तिने सोडेपर्यंत थांबावे.